‘हा तुमचा क्रूस’ असं न म्हणणाऱ्या पाळकसाहेबांना

पुणे

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभूमध्ये सलाम.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्हाला ते फारसं रुचणार नाही, ठाऊक आहे. पण जे मला मिळालं ते आणखी चारजणींना हवं असेल.

आमच्या ह्यांना लकवा झाला तेव्हा भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. कुणी म्हणे, विश्वास कमी पडला. कुणी म्हणे, हा तुमचा क्रूस, मुकाट्यानं वाहा, वर गौरव आहेच. पहिल्यांचा नुसता राग यायचा. दुसऱ्यांचं ऐकून मात्र मी खरंच मुकी झाले, आणि मंडळीत त्याचंच कौतुक!

तुम्ही आलात ते चपला काढून थेट ह्यांच्या उशाशी. मी चमच्यानं चहा पाजत होते. हनुवटी खाली, मग घोट, गिळला की मगच पुढचा चमचा. एवढं बघून घेतलंत आणि कप माझ्या हातातून काढून घेतलात. म्हणालात, “तुम्ही जरा आडव्या व्हा.” तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी तुम्ही यायचात आणि मी झोपायचे. कुशीवर वळवणं, टाचांखाली उशी सरकवणं, सगळं शिकून घेतलंत. प्रार्थना निघताना, दोन मिनिटांची.

क्रुसाचं बोललात तेही मी विचारलं म्हणून. येशूनं एकाही आजाऱ्याला ‘हा तुझा क्रूस’ म्हटल्याचं शुभवर्तमानात नाही. त्यानं त्यांना बरं केलं. क्रूस उचलायला सांगितला तो मागे येऊ पाहणाऱ्यांना. मग बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढलात. याकोब आणि योहान हे शिष्य येशूच्या गौरवात त्याच्या उजवी-डावीकडची जागा मागतात. पंधराव्यात येशू क्रुसावर, त्याच्या उजवी-डावीकडे दोन लुटारू टांगलेले, आणि मागणारे दोघे केव्हाच पळालेले. मी इतकी वर्षं हे दोन अध्याय वाचतेय, पण शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते.

केडगावच्या पंडिता रमाबाईंचा विषयही तेव्हाच निघाला. आई, वडील, बहीण, सगळे दुष्काळानं नेले. आपल्याकडे त्यांच्या सोसण्याचेच गोडवे गातात. तुम्ही म्हणालात, दुष्काळ त्यांनी निवडला नव्हता. 1897 च्या दुष्काळात उपाशी मुलींना शोधून घरी आणणं त्यांनी निवडलं. क्रूस म्हणायचा तर त्याला. हे मला पटलं, आणि तुमच्या गुरुवारांनाही ते लागू पडतं. (आता नाही म्हणू नका.)

बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं, येणाऱ्या गौरवापुढे ‘सांप्रतची दुःखं काहीच नाहीत’ हे मला किती जणांनी ऐकवलं! तुम्ही पुढचं वाचायला लावलंत. तिथं सृष्टी कण्हते, विश्वासणारे कण्हतात, आणि आत्माही कण्हतच आपल्यासाठी विनंती करतो. त्या रात्री मी मोठ्यानं रडले. शेजारच्या वहिनी धावत आल्या, बिचाऱ्या. गौरवाची आशा मी सोडलेली नाही, उलट आता ती मला खरी वाटते. कुणाचं तोंड बंद करायला ती वापरू नये, एवढंच.

मनापासून आभार. घरी आमटी-भात खाल्लात, पण गाडीभाडं कधी घेतलं नाहीत, तेही लक्षात आहे.

एक काम आहे. येत्या रविवारी हे प्रभुभोजनाला यायचं म्हणताहेत. पायऱ्यांपाशी तरुण संघातले दोघे उभे करा, व्हीलचेअर जड आहे. आणि ह्यांना भाकर द्राक्षारसात भिजवून द्या, कोरडी अजून घशाखाली उतरत नाही.

तुमच्या मंडळीतली,
एक बहीण