शेजाऱ्यांचे तर्क छापू नका

महोदय,

बेपत्ता मुलीची कालची बातमी वाचून आलेली चीड अजून गेलेली नाही. ती कधी गेली, अंगात कोणते कपडे होते, हे चार ओळींत; आणि ‘परिसरात चर्चा’ मात्र पाऊण रकाना. आई फार बोलायची, मोबाइल काढून घेतला होता, क्लासमधला कोणी मुलगा होता म्हणे. या चर्चेतल्या एकानेही तिला त्या दिवशी पाहिलेले नाही. मग ते छापायचे कशाला?

माझी बहीण यातून गेली आहे. भाची नववीत असताना संध्याकाळी घरातून निघून गेली. चाचणीचे गुण लपवले होते आणि ते उघडकीला येणार होते, एवढेच कारण. पण ते आम्हाला नंतर कळले. तोवर ती पळून गेली हे सगळ्यांनी ठरवून टाकले होते. वर्गातल्या एका मुलाचे नावही कोणीतरी पुढे केले. तो बिचारा आपल्या घरीच होता. त्याला विनाकारण मार बसला आणि आमचा मोलाचा वेळ त्याच्यामागे गेला. सर्वांत जिव्हारी लागले ते वेगळेच. ओळखीच्या एका बाईंनी भाचीला बसथांब्यावर एकटीच रडताना पाहिले होते. ‘प्रेमाबिमाचे प्रकरण दिसतेय, आपण कशाला मध्ये पडा’ म्हणून त्या गप्प बसल्या. ती सापडल्यावर हे त्यांनीच सांगितले. लोकांच्या त्या बडबडीने आमची बदनामी झालीच, पण जिला काही ठाऊक होते तिचे तोंडही बंद झाले.

पोर सुखरूप परतली, पण त्या शाळेत पुन्हा पाऊल ठेवायला तयार झाली नाही. आज नोकरी करते, तरी एखादा नातेवाईक विचारतोच, ‘तेव्हा नेमकं काय झालं होतं गं?’

2013 मध्ये बोस्टन मॅरेथॉनमधील स्फोटांनंतर इंटरनेटवरच्या हौशी शोधकांनी आधीपासून बेपत्ता असलेल्या एका विद्यार्थ्याला संशयित ठरवले होते. त्याचा स्फोटांशी काडीचाही संबंध नव्हता. नंतर नदीत त्याचा मृतदेह सापडला. मुलाला शोधत फिरणाऱ्या त्या घरच्यांनी मधल्या काळात लोकांचा द्वेष सोसला. त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी झाली असे गृहीत धरून गुन्हा नोंदवा. न्यायालय मुलाला धोका आहे असे धरून चालते. आपण मात्र ‘गेली असेल स्वतःहून, येईल दोन दिवसांत’ म्हणून मोकळे होतो, आणि वर्तमानपत्र त्याला दुजोरा देते.

आणखी एक. मागे सापडलेल्या एका मुलाचे नाव, फोटो आणि शाळा अजून आपल्या संकेतस्थळावर तशीच आहे. शोध चालू असताना फोटो हवाच, पण मूल घरी आल्यावर तो कशासाठी? बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलांची ओळख उघड करण्यास मनाई आहे, हे आपल्या कार्यालयात कोणाला तरी ठाऊक असेलच. तो मजकूर आजच काढा. आणि या मुलीची पुढची बातमी द्याल तेव्हा चर्चेच्या जागी तिचे वर्णन, पोलीस ठाण्याचा क्रमांक आणि 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन मोठ्या अक्षरांत छापा.

— आपली एक जुनी वाचक