जपानमधले शकुन-अपशकुन: लेकीस पत्र

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

ऑफिसातल्या सहकाऱ्याचे वडील गेले, अंत्यविधीला पैशांचं पाकीट कसं न्यायचं, असं तू विचारलंस. या बाबतीतली चूक दुःखात असलेल्या घराला टोचते, म्हणून आधी तेच नीट सांगते.

सहकाऱ्याच्या आईवडिलांसाठी ५,००० येन पुरेत. आकडे ३, ५ किंवा १० हजारांचे. ४ आणि ९ कधीच नाहीत, कारण त्यांचे उच्चार ‘मृत्यू’ आणि ‘यातना’ या शब्दांसारखे होतात. काळ्या-पांढऱ्या दोऱ्याचं पाकीट कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, मिळतं. एवढ्या रकमेला दोरा नुसता छापलेला असला तरी चालतो. पाकिटावरचा मजकूर मात्र बघून घे. ‘गोरेइझेन’ (मृताच्या आत्म्यापुढे) बहुतेक बौद्ध पंथांत ४९ दिवसांपर्यंत चालतं, पण जोदो शिन्शू पंथात पहिल्या दिवसापासून ‘गोबुत्सुझेन’ (बुद्धापुढे) लागतं. त्या घराचा पंथ ठाऊक नसेल तर ‘कोदेन’ (धूपासाठीचे पैसे) लिहिलेलं घे, बौद्ध विधीत ते कुठेही चालतं. त्याखाली तुझं नाव फिकट राखी शाईच्या ब्रशपेनने लिही. अश्रूंनी शाई फिकी झाली, असा त्यामागचा भाव आहे.

नोटा कोऱ्या नकोत. कोरी नोट म्हणजे मरणाची आधीच तयारी करून ठेवली होती, असा अर्थ निघतो. कोऱ्याच असतील तर मधोमध एक घडी घाल. नोटेवरचा चेहरा पाकिटाच्या मागच्या बाजूला येऊ दे. पाकिटाच्या पाठीवर वरची घडी खालच्या घडीवर बसव, आणि पाकीट जांभळ्या फुकुसा रुमालात गुंडाळून ने.

लग्नाला हे सगळं उलटं. नोटा बँकेतून कोऱ्या आणायच्या, चेहरा दर्शनी बाजूला, आणि खालची घडी वरच्या घडीवर. मित्रमैत्रिणीच्या किंवा सहकाऱ्याच्या लग्नाला ३०,००० येन, दहा हजारांच्या तीन नोटा. सम आकडा दोघांत वाटला जातो, म्हणून टाळतात. आपण आहेरात १०१ किंवा ५०१ देतो, त्यामुळे तुला हे लक्षात ठेवणं सोपं जाईल. फसायला होतं ते गाठीत. लाल-पांढऱ्या दोऱ्याची पाकिटं दुकानात शेजारी शेजारीच टांगलेली असतात. त्यातली ओढली की सुटणारी गाठ बाळाच्या जन्मासारख्या, पुन्हा पुन्हा व्हावं अशा गोष्टींसाठी असते. लग्नाला न सुटणारीच गाठ हवी.

जेवतानाचे दोन नियम मरणाशीच बांधलेले आहेत. भातात चॉपस्टिक उभ्या खोचायच्या नाहीत, कारण मृताच्या उशाशी ठेवलेल्या भातात त्या तशा खोचतात. आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी हातांनी अस्थी वेचतात. तिथे दहनानंतर घरची माणसं दोघं-दोघं मिळून चॉपस्टिकने अस्थी उचलतात आणि कलशात ठेवतात. ज्याने कुणाच्या तरी अस्थी अशा उचलल्या आहेत, त्याच्यासमोर मासळीचा तुकडा तसा धरला तर काय वाटेल, याचा विचार कर. द्यायचंच असेल तर त्याच्या ताटलीत ठेव.

आजाऱ्याला भेटायला जाताना कुंडीतलं रोप नेऊ नकोस. मूळ धरणं म्हणजे अंथरुणाला खिळणं, असं मानतात. सायक्लॅमेनच्या जपानी नावात ‘शि’ (मृत्यू) आणि ‘कु’ (यातना) दोन्ही येतात, कॅमेलियाचं फूल मुंडकं गळावं तसं अख्खं पडतं, शेवंती अंत्यविधीची. कित्येक इस्पितळांत आता फुलंच चालत नाहीत, तेव्हा फळांचा रस बरा.

बाकीचं बरंचसं तुझं तुझ्यापुरतं आहे. उत्तरेला डोकं करून निजू नये, रात्री नखं कापू नयेत, हे आजीकडून तू ऐकलेलंच आहेस. पाळ किंवा सोडून दे, कुणाचं काही बिघडत नाही. कॅलेंडरवरच्या ‘ताइआन’, ‘बुत्सुमेत्सु’ या सहा वारांचंही तसंच. जुन्या चांद्र पंचांगातला महिना आणि दिवस यांची बेरीज करायची, सहाने भागायचं, आणि बाकीवरून वार ठरवायचा. बाकी शून्य तर ताइआन, म्हणजे शुभ. पाच तर बुत्सुमेत्सु, म्हणजे अशुभ. यात ग्रह नाहीत, नक्षत्रंही नाहीत. या सहांतला फक्त ‘तोमोबिकी’ ध्यानात ठेव. गेलेला माणूस मित्राला ओढून नेतो म्हणून त्या दिवशी अंत्यविधी टाळतात, बऱ्याच दहनभूमी बंद असतात, आणि विधी एक दिवस पुढे जातो.

एका समजुतीला मात्र तू मान डोलावू नयेस. ‘हिनोएउमा’ हे साठ वर्षांनी येणारं अग्नी-अश्वाचं वर्ष. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याचं आयुष्य खाते म्हणे. १९६५ साली जपानमध्ये सुमारे १८.२ लाख मुलं जन्मली, १९६६ साली १३.६ लाख, आणि १९६७ साली पुन्हा १९.४ लाख. शिकल्यासवरल्या देशाने मुली होतील या भीतीने वर्षभर कितीतरी पाळणे थांबवले. २०२६ हे पुन्हा तेच वर्ष. आपल्याकडे मूळ नक्षत्रावर जन्मलेल्या आणि मंगळ असलेल्या मुलींना जे भोगावं लागतं, तेच हे. समोर कुणी असं बोललं तर नम्रपणे पण स्पष्ट सांग की तुला हे पटत नाही. रक्तगटावरून स्वभाव ठरवणंही त्याच जातीचं. गप्पांत गट विचारला तर सांग, पण ‘बी गटाचा म्हणजे आपमतलबी’ असं कुणाच्या कामाबद्दल ऐकलंस तर तिथेच थांबव.

तुझी,
आई

ता. क. नवी खोली बघते आहेस ना? भाडं आसपासच्या खोल्यांपेक्षा फारच कमी असेल तर ‘जिको बुक्केन’ आहे का, असं एजंटला सरळ विचार. आत्महत्या किंवा खून झालेल्या जागेला तिथे असं म्हणतात. ऑक्टोबर २०२१ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार भाड्याच्या घरात घडलेली अशी घटना साधारण तीन वर्षं सांगावी लागते. नंतर आपणहून सांगत नाहीत, पण विचारलंस तर ठाऊक असलेलं सांगावं लागतं. वयाने आलेला मृत्यू यात सहसा धरत नाहीत. तुला चालत असेल तर स्वस्त खोली खुशाल घे, फक्त माहीत असून घे.