सुन्यास पत्र: तिसरीचं काय करायचं?

१६ डिसेंबर २०२१

प्रिय सुन्या,

दिवाळीपासून पत्र नाही, तुझ्या शिव्या पोचल्या असं समज. आईचा गुडघा तसाच, बाकी ठीक.

काल केंद्रप्रमुखांनी तिसरीचा अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचा तक्ता मागितला. हसू नकोस. कोरोनात बंद पडलेले वर्ग भरले १ डिसेंबरला, आणि ही पोरं शेवटची बाकावर बसली तेव्हा पहिलीत होती! सरकारने यंदाही २५ टक्के पाठ वगळले, पण तिसरीच्या पुस्तकातून. पहिली-दुसरीचं राहिलं त्याचं काय? मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायला ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आला जुलै-ऑगस्टमध्ये. पोरं घरी, पीडीएफ बापाच्या मोबाइलमध्ये, बाप शेतात. चाचण्या मात्र तिन्ही सोडवलेल्या, ताईच्या अक्षरात.

५२ मधून २७ वजा करायला देऊन बघ. बरीच पोरं ३५ लिहितात. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढून मोकळी! दशक सुटं करता येतं हे त्यांच्या हातांनी कधी केलेलंच नाही. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दे, एका गठ्ठ्याचं रबर पोरालाच काढू दे. चार गठ्ठे, बारा सुट्या. मग २५ येतात. वहीतली मांडणी त्यानंतर. घाई केलीस की पुन्हा ३५.

माझ्या मते तिसरी ते पाचवी रोज दीड तास एकत्र बसवावी, इयत्ता विसरून. आधी एकेकाचं वाचन घ्यायचं: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. जिथे अडेल तो त्याचा गट. रीत 'प्रथम' या शिक्षणसंस्थेचीच. एका पोराला पाच-सात मिनिटं जातात. बाकीच्यांना व्हरांड्यात पाठव, नाहीतर पुढचं पोर ऐकलेलंच घडाघडा म्हणतं. उरलेल्या वेळात तिसरीचं पुस्तक. परिसर अभ्यास बराचसा तोंडीच.

डी.एड.ला तू भांडायचास, गट पाडले की 'ढ' पोरं कायमची ढ. मेल्या, अजूनही तुझंच बरोबर. म्हणून दर पंधरवड्याला पुन्हा तपासायचं आणि पोरं हलवायची. गट जागचा हललाच नाही तर आपलं शिकवणं तपासायचं. गटांना फुलांची नावं दिली तरी खालचा कोणता ते पोरांना लगेच कळतं, त्यावर मला उपाय दिसत नाही.

वहिनींची बदली झाली का? धाकटीला पापा.

आणि तक्त्यात काय लिहू ते कळव. खरं लिहिलं तर खुलासा मागतील, 'पूर्ण' लिहिलं तर जूनमध्ये हीच पोरं चौथीत. असले कागद तू माझ्यापेक्षा बरे भरतोस.

तुझा,
दिल्या