ओवीच्या शाळेविषयी, आई-बाबांस

नाशिक

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ओवीच्या शाळेचा विषय निघाला की बाबा "बरं" एवढेच म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे. तिचे नाव शरणपूर रस्त्याजवळच्या मिशनच्या शाळेत घातले आहे, जूनपासून ती पहिलीत बसते आहे आणि हा निर्णय आता बदलणार नाही. ज्यांची सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, त्यांच्या नातीने दुसऱ्या शाळेची पायरी चढावी, याचे तुम्हाला वाईट वाटणे साहजिकच आहे. शाळा घराजवळ आहे, ह्यांची सातपूरची पाळी दर आठवड्याला बदलते आणि मला कार्यालयातून यायला सहा वाजतात, ही कारणे खरीच आहेत; पण प्रवेश घेण्याआधी मी त्या वर्गाच्या दारात उभी राहून जे पाहिले, त्याचे वजन या सर्वांहून जास्त होते.

त्या दिवशी गणित चालले होते. मुले आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधत होती आणि एका मुलाच्या गठ्ठ्यात अकरा काड्या आल्या. बाईंनी "चूक" म्हटले नाही, काडी काढूनही घेतली नाही. गठ्ठा सोडून शेजारच्या मुलीला मोठ्याने मोजायला सांगितले आणि तो मुलगा दहावर स्वतःच थांबला. बाबा, तुम्ही आम्हाला ज्वारीच्या धांड्यांचे तुकडे देऊन दशक असाच शिकवला होता.

सोमवारी परिपाठात राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञेबरोबर प्रभूची प्रार्थना होते, हे मी लपवणार नाही. ओवी ती म्हणते आणि संध्याकाळी आपल्या देवापुढे शुभंकरोतीही म्हणते. दोन्हींत तिचा आवाज सारखाच खणखणीत असतो. गुरुवारी ख्रिस्ती मुले धर्मशिक्षणाच्या तासाला जातात आणि बाकीच्यांना नीतिशिक्षण असते. पालकांच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, हे राज्यघटनेचे २८ वे कलम नागरिकशास्त्रात तुम्हीच शिकवत होता. मागच्या गुरुवारी बाईंनी बायबलातल्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली. लुटारूंनी झोडपून रस्त्यात टाकलेल्या माणसाला त्याने आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि त्याच्या देखभालीचे पैसेही दिले, हे ऐकताच ओवी उठून म्हणाली, "आमच्या नाथांनी तर गाढवाला पाणी पाजलं." आई, रामेश्वराला न्यायच्या कावडीतली गंगा एकनाथांनी तहानलेल्या गाढवाच्या तोंडी ओतली, ती तुझी गोष्ट तिने वर्गापुढे उभी राहून शेवटपर्यंत सांगितली. पुढच्या तासाला चित्रकलेत निम्म्या वर्गाने गाढवच काढले, त्यातले कोणते कुठल्या गोष्टीतले ते मात्र बाईंनाही कळले नाही!

शुक्रवारी श्रुतलेखन असते, इंग्रजीचे आणि मराठीचेही. मराठी मागे पडेल ही तुमची काळजी मलाही होती, म्हणून तिची वही सोबत पाठवत आहे. "ष" अजून पोटफोडीच्या जागी पाठ फोडतो, तेवढे तुम्ही लाल शाईने दुरुस्त करून द्या. शनिवारी पांढरा गणवेश, कवायत आणि अर्धी शाळा.

बाबा, तुम्हाला इतिहासाची आवड म्हणून लिहिते. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचे पार्थिव लंडनला पोहोचवून १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबेतील दफनाला हजर राहिलेला जेकब वेनराइट हा गुलामीतून सुटलेला आफ्रिकी तरुण याच शरणपूरच्या मिशनच्या आश्रयाला शिकला होता. ओवीला एवढ्यात यातले काही कळणार नाही. तिला ते तुमच्याच तोंडून ऐकू द्या.

डब्याची काळजी करू नका, पोळी-भाजी घरचीच असते आणि तुमच्या बागेतले बेदाणे आधी संपतात. तुम्ही दोघे मात्र ऐकत नाही. द्राक्षांची गोडी छाटणी जवळ आली आहे, तरी बाबांनी रात्रीच्या लाईटला मोटर सुरू करायला मळ्यात जायचे नाही. गडी आहे, त्याला पाठवा. आईने डोळ्यांत थेंब वेळेवर घालावेत, बाटली संपत आली की लगेच कळवावे, "पुरवून वापरते" हे चालणार नाही.

पुढच्या महिन्यात आजी-आजोबांना वर्गात बोलावले आहे. पिंपळगावहून सकाळच्या एसटीने या, सीबीएसला उतरल्यावर रिक्षाच करा, चालत येण्याचा हट्ट नको. येताना तिच्या मागणीप्रमाणे धांड्यांचे तुकडे आणा. बाईंना दाखवायचे आहेत असे ती म्हणते.

तुमची,
सुमन