आठ नंबरच्या पोराबद्दल

नागपूर
9 नोव्हेंबर 2025

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "अबे, तगडी टीम जिंकणारच. त्यात जीव जाळायचा कशाला? ज्याच्यात दम आहे तो जिंकतो, हाच तर खेळ आहे." मी गप्प राहिलो. मेट्रोत होतो, नीट ऐकूही येत नव्हतं, पण खरं कारण तेवढंच नाही. तुला काय उत्तर द्यावं ते मला तेव्हा सुचलंच नाही. दोन रात्री डोक्यात तेच घोळतंय. आज रविवारची दुपार मोकळी आहे, म्हणून कागद घेऊन बसलो. तुझ्याकडे एक कामही आहे, ते शेवटी सांगतो.

आधी त्या सात-शून्यबद्दल, कारण तुला वाटतंय की मी त्या हारीमुळे बिथरलोय.

आमच्या छोट्या फुटबॉल क्लबची गेल्या मोसमातली मॅच. सकाळी आठची, आपल्याच जुन्या ग्राउंडवर. चिंचेच्या बाजूचा गोल आठवतो ना? त्याची जाळी अजूनही खालून सुतळीनं बांधावी लागते. आमचा गोलकीपर सोळा वर्षांचा, अंगानं बारका, हातात मोठ्या भावाचे ग्लोव्हज. प्रत्येक गोल बसला की चेंडू जाळीतून काढायचा आणि मध्यावर लाथ न मारता स्वतः धावत जाऊन ठेवून यायचा. आधीच हरलेल्या मॅचचा वेळ वाचवत होता तो. सातव्या गोलनंतरही धावत गेला. मी लाइनीवर उभा राहून ते पाहत होतो आणि मला वाईट वाटलं नाही बाळ्या, देवाशपथ. अभिमान वाटला. समोरची टीम आमच्यापेक्षा चांगली होती आणि चांगल्या टीमकडून मार खाल्ल्याशिवाय पोरं शिकत नाहीत. इथपर्यंत तुझं-माझं एकच मत आहे.

मला डाचलं ते वेगळंच. समोरच्या टीमच्या बाकावर आमचा आठ नंबर बसला होता. तोच, ज्याला तू दोन वर्षांपूर्वी पाहून म्हणाला होतास की हा पोरगा पास देण्याआधी दोनदा मान वळवून बघतो. मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले, शिनगार्ड बांधलेले, अंगावर नारिंगी बिब. सात-शून्य झालं, पाच बदल झाले, तरी त्याला उठवलं नाही. अख्ख्या मोसमात मिळून तो पाऊण तास खेळला. मोसमाआधी त्या मोठ्या क्लबनं त्याला आमच्याकडून नेलं. नवे बूट मिळाले होते, महिन्याला थोडे पैसे ठरले होते आणि "पुढे नोकरीचं बघू" असं सांगितलं होतं. ना-हरकतच्या कागदावर सही मीच केली. का नाही करणार? बाप हमाली करतो त्याचा. पण त्या क्लबला तो खेळवायला नकोच होता. तो आमच्याकडे नसला म्हणजे झालं.

तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की वाटू लागली आहे. लहान टीम हरते हे तिचं दुखणं नाही. ती रिकामी केली जाते हे दुखणं आहे. आणि हे आपल्या ग्राउंडपासून युरोपपर्यंत सगळीकडे सारखंच आहे.

नेदरलँड्सचा आयॅक्स क्लब घे. 24 मे 1995, व्हिएन्ना, युरोपातल्या चॅम्पियन्स लीगची फायनल. समोर इटलीचं एसी मिलान. अठरा वर्षांच्या क्लुइव्हर्टनं शेवटी शेवटी गोल मारला आणि आयॅक्स 1-0 नं जिंकलं. बरीचशी टीम त्यांनी स्वतःच्या शाळेत वाढवलेली. पुढच्याच वर्षी डेव्हिड्स आणि राइझिगर गेले, 1997 मध्ये खुद्द क्लुइव्हर्ट गेला. कुठे? मिलानला. ज्यांना हरवलं त्यांच्याच दारात.

मधे डिसेंबर 1995 मध्ये बोसमन या बेल्जियमच्या खेळाडूच्या खटल्याचा निकाल लागला होता. करार संपला की खेळाडू मोकळा, जुन्या क्लबला पैसे मागता येणार नाहीत, असं युरोपच्या न्यायालयानं ठरवलं. आता इथे मला स्वतःशीच भांडावं लागतं. कारण बोसमन बरोबरच होता. करार संपल्यावरही बेल्जियममधल्या क्लबनं त्याला सोडलं नाही, उलट पगार कापायला निघाले. माणूस म्हणजे काय गोठ्यातला बैल आहे? इंग्लंडमध्ये तर 1961 पर्यंत खेळाडूच्या पगारावर आठवड्याला 20 पौंडांची कमाल मर्यादा होती. तेव्हा टीमा जास्त बरोबरीच्या होत्या हे खरं, पण ती बरोबरी खेळाडूंच्या खिशातून काढलेली होती. मला तसली नको. आमच्या आठ नंबरला मी बांधून ठेवलं असतं तर मीही त्याच लोकांच्या रांगेत बसलो असतो.

म्हणजे प्रश्न असा उरतो की पोरगा मोकळा राहील आणि ज्यानं त्याला घडवलं तो भिकेलाही लागणार नाही, असं काही करता येतं का?

तुला मिझोरमच्या ऐजॉल क्लबची मॅच आठवते? 30 एप्रिल 2017. शंकरनगरचा तुझा तो वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. कूलरच्या घरघरीत कॉमेंट्री ऐकू येईना म्हणून तू कूलर बंद केलास आणि भर एप्रिलच्या शेवटी, नागपुरात, आपण बनियनवर घाम पुसत बसलो होतो. शिलाँगमध्ये तिथल्या लाजोंग क्लबनं आधी गोल मारला तेव्हा तू रिमोट आपटलास. मग बरोबरी, 1-1, आणि ऐजॉल 37 गुणांवर. मोहन बागान 36. एका गुणानं आय-लीग मिझोरमला गेली. ईशान्येकडे देशाची लीग पहिल्यांदाच गेली. त्याआधीच्या मोसमात हीच टीम खाली घसरली होती. गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले म्हणून त्यांना परत जागा मिळाली. तू वहिनींना झोपेतून उठवून सांगितलं होतंस की ऐजॉल चॅम्पियन झालं.

आणि मग? काही आठवड्यांत प्रशिक्षक खालिद जमील ईस्ट बंगालला गेले. मधली फळी चालवणारा सीरियाचा अल अम्ना, तोही तिकडेच. खालिदसाहेब आज भारताचे प्रशिक्षक आहेत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण ऐजॉलला पुन्हा ती लीग जिंकता आली नाही.

लेस्टरचंही तेच. 2016 मध्ये इंग्लंडची लीग जिंकले तेव्हा त्यांच्यावर सट्ट्यात पाच हजारास एक भाव होता, हे तूच मला दहादा सांगितलंयस. त्यांच्या गोल मारणाऱ्या वार्डीला दहा लाख पौंडांत मुख्य लीगांच्या बाहेरच्या एका क्लबकडून आणलं होतं, ही तर तुझी आवडती गोष्ट. पण उन्हाळ्यात त्यांच्या मधल्या फळीतल्या कान्तेला चेल्सीनं नेलं आणि पुढच्या वर्षी चेल्सी चॅम्पियन. लेस्टर बारावं. प्रशिक्षक रानिएरींना फेब्रुवारीतच काढलं होतं. एक माणूस उचलला की कपाट कसं रिकामं दिसतं ते बघ.

तू आयपीएलचा दाखला दिलास म्हणून त्यावरही लिहितो. लिलावात सगळ्यांची थैली सारखी. 2025 च्या लिलावाला प्रत्येकी 120 कोटी. गुजरात नवी टीम म्हणून आली आणि 2022 ला पहिल्याच फटक्यात जिंकली. मान्य. पण अठरा मोसमांतले दहा चषक मुंबई आणि चेन्नईकडेच आहेत, पाच-पाच. म्हणजे थैली सारखी केली तरी ज्याला टीम बांधता येते तो पुढे जातोच, तुझा तो "दम" कुठे वाया जात नाही. मग थैली सारखी करायला भ्यायचं कशाला? दम असलेल्याला खरी भीती वाटायला नको.

अमेरिकेत तर त्यांच्या फुटबॉलमध्ये शेवटी आलेल्या टीमला कॉलेजच्या पोरांतून पहिली निवड मिळते आणि पगाराच्या एकूण खर्चावर 1994 पासून मर्यादा आहे. हे मला अर्धंच पटतं. तिथे कुणी खालच्या लीगमध्ये घसरत नाही, खालून कुणी वर येत नाही. दार बंद. मग कामठीच्या पोरानं कोणतं स्वप्न बघायचं? 1977 मध्ये इंग्लंडचं नॉटिंगहॅम फॉरेस्ट दुसऱ्या पायरीवरून वर आलं, 1978 ला लीग जिंकलं, 1979 आणि 1980 ला युरोपचं अजिंक्यपद. क्लफ नावाच्या प्रशिक्षकानं हे करून दाखवलं ते शिडी होती म्हणून. एप्रिल 2021 मध्ये बारा श्रीमंत क्लबांनी आपली वेगळी सुपर लीग काढली तेव्हा त्यांना नेमकी हीच शिडी काढून घ्यायची होती. इंग्लंडचे प्रेक्षक स्टेडियमबाहेर रस्त्यावर उतरले, स्वतःच्याच क्लबांविरुद्ध, आणि दोन-तीन दिवसांत ते सगळं कोसळलं. त्या दिवसांत मला या खेळावर फार प्रेम आलं होतं.

पण शिडीच्या पायऱ्या आता फार लांब लांब झाल्यात. 2023-24 मध्ये इंग्लंडच्या वरच्या लीगमध्ये आलेल्या तिन्ही टीमा त्याच वर्षी खाली गेल्या. 2024-25 मध्ये पुन्हा तिन्हीच्या तिन्ही. आधीच्या तिघांतलं लुटन तर सलग दोनदा घसरून तिसऱ्या पायरीवर पोचलं. आणि गंमत बघ, वरच्या लीगच्या आत टीव्हीचा पैसा तिथे बऱ्यापैकी नीट वाटला जातो, पहिल्या आणि शेवटच्या टीममध्ये दुपटीचंही अंतर नसतं. खरी दरी आहे ती उंबरठ्यावर, आत आणि बाहेर. स्पेनमध्ये 2015 पर्यंत तेवढंही नव्हतं, रेआल आणि बार्सिलोना आपापले हक्क वेगळे विकायचे आणि बाकीच्यांनी उरलंसुरलं गोळा करायचं. 1983 पर्यंत इंग्लंडमध्ये पाहुण्या टीमला तिकिटांच्या पैशात वाटा मिळायचा, मग मोठ्यांनी तोही बंद करून घेतला. पाहुणा आलाच नाही तर तिकीट कशाचं विकणार, हा साधा विचार कुणाला सुचला नाही का? कुस्तीच्या फडात एकटा पहिलवान उभा राहून इनाम नेत नाही बाळ्या. जोड लागते.

जर्मनीत बायर्न म्युनिकनं 2013 पासून 2023 पर्यंत सलग अकरा वेळा लीग जिंकली, त्याबद्दल काय लिहू? 2024 ला लेव्हरकुसेननं एकही मॅच न हरता ती साखळी मोडली त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले, एवढंच सांगतो.

आता कामाचं.

आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये एक नियम आहे. खेळाडू कराराच्या मधेच पैसे देऊन विकला गेला की त्या रकमेतले पाच टक्के, त्याला वयाच्या 12 ते 23 मध्ये ज्या ज्या क्लबांनी शिकवलं त्यांच्यात वाटले जातात. खेळाडू अडत नाही आणि पहिल्या गुरुजींच्या हातीही काही पडतं. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, अरे, मग आपल्या जिल्ह्याच्या लीगमध्ये याची छोटी आवृत्ती का नको? इथे याच शहरात विजय बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन फुटबॉल उभा केला. पोरं कुठून येतात हे नागपूरला वेगळं सांगायला नको.

आम्ही चार लहान क्लब मिळून लीगच्या समितीला अर्ज देतोय. दोनच मागण्या. एक, एकोणीस वर्षांखालचा पोरगा मोठ्या क्लबनं नेला तर ठरावीक रक्कम घडवणाऱ्या क्लबला द्यावी. दोन बूट, चार चेंडू आणि एक जाळी येईल एवढी असली तरी चालेल. दुसरी मागणी मला जास्त जवळची आहे. अर्धा मोसम संपेपर्यंत त्या पोराला अमुक इतकी मिनिटं मैदानावर मिळाली नाहीत, तर त्याला वाटल्यास परत येता यावं, त्याच मोसमात, कुणाच्याही ना-हरकतीशिवाय. त्याला वाटल्यास. आम्ही बोलावून नव्हे.

हे दुसरं कलम मी तीनदा लिहून खोडलंय. कधी ते क्लबच्या हक्कासारखं वाचलं जातं, कधी शिक्षेसारखं. तू वकील आहेस, तुला शब्द कुठे ठेवायचा ते कळतं. मसुद्याचा फोटो पाठवतोय. लाल पेनानं हवं तेवढं खोड, फक्त "पोराच्या इच्छेनुसार" हे शब्द ठेव. आणि मिनिटं किती लिहावीत तेही सांग. मी 270 लिहिलीत, म्हणजे पूर्ण तीन मॅच. आमच्यातल्या एकाला ती कमी वाटतात, दुसऱ्याला जास्त.

अर्ज 20 तारखेच्या आत द्यायचा आहे. आठ नंबर परवा संध्याकाळी आपल्या ग्राउंडवर आला होता, आमच्या बारक्या गोलकीपरला तासभर पेनल्टी मारत होता. मी त्याला अर्जाबद्दल काही बोललो नाही. आधी तुझं येऊ दे.

संत्र्यांची पेटी उद्या ट्रॅव्हल्सच्या गाडीत चढवतो, आंबिया बहार यंदा गोड आहे. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
पक्या