हूक क्रेनसाठी नव्हता

वेंगुर्ले, रविवार

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात फोन चालू ठेवून तू पोराला तो जुना फोटो दाखवत होतीस, ते मी इकडून ऐकत होतो. ‘हा हूक आहे ना, तो विमान दुरुस्तीला न्यायचं झालं की क्रेनला अडकवायला.’ हातातला चहा तसाच राहिला. ही थाप माझी आहे, बाय. २००४ च्या मे महिन्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात तू सी हॉक या लढाऊ विमानाच्या शेपटीखाली उभं राहून विचारलंस आणि मला उत्तर येत नव्हतं. जन्म गेला ट्रॉलरची इंजिनं खोलण्यात, पोरीसमोर ‘ठाऊक नाही’ कसं म्हणणार? दिलं ठोकून. तुझ्यापुरतं ठीक होतं, पण आता ती नातवापर्यंत पोचली म्हटल्यावर राहवेना. गुरुवारी पहाटे एसटी धरली. पणजी, वास्को, मग बोगमाळोची बस. आई म्हणाली, एका हुकासाठी एवढा प्रवास? जाऊ दे.

विमान तिथेच आहे. या वेळी नीट बघितलं. उन्हाच्या तिरिपीत पत्र्याकडे आडवं बघितलं तर रिव्हेटचं एक डोकं वर नाही, सगळी पत्र्यात बुडवलेली. आपल्या होडीचा खिळा असा कोणी बसवून दाखवावा! असा मी घुटमळताना बघून माझ्याच वयाचे एक गृहस्थ जवळ आले. नौदलात विमानांचे मेकॅनिक होते. दोन मेकॅनिक भेटल्यावर काय होतं ते तुला माहीत आहे, तासभर गेला.

तर हूक असा. सी हॉक ज्या बोटीवर उतरायचं ती जुनी विमानवाहू विक्रांत बोट सगळी मिळून सातशे फुटांची, त्यातली उतरायला मिळणारी जागा आणखी कमी. सी हॉक येणार ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास. नुसत्या ब्रेकवर थांबणं शक्यच नाही. म्हणून डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात. शेपटीखालचा हूक खाली सोडून पायलट येतो, हूक एका तारेत अडकतो आणि विमान थांबतं. आता मेकॅनिकच्या पोरीने विचारायला हवं, की तार तुटत कशी नाही? तेच मीही विचारलं. तार घट्ट बांधलेलीच नसते. तिची टोकं डेकखालच्या यंत्रात गेलेली असतात, तिथे तेलाच्या दाबावर ती खेचली जाते तशी सुटत जाते. लाटेत होडी जेटीला घेताना आपण दोर खुंटाला दोन वेढे मारून हळूहळू सोडतो, तसंच. एकदम गाठ मारलीस तर दोर तुटेल नाहीतर खुंट उपटेल. मला हे एका क्षणात पटलं. वीस वर्षांपूर्वी का सुचलं नाही, देव जाणे.

आणि गंमत म्हणजे चाकं डेकला टेकल्याबरोबर पायलट इंजिन बंद करत नाही, उलट पूर्ण जोर देतो. हूक चुकला तर तसंच पुढे जाऊन पुन्हा उडता यायला हवं ना.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. १९७१ च्या लढाईत विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेले होते. तीनवर बोट नेली. बोट वाऱ्याला तोंड देऊन जितकी जोरात धावेल तितकं विमानाला उडायला सोपं, आणि विमान डेकवरून फेकणारं यंत्र चालतं तेही त्याच बॉयलरच्या वाफेवर. म्हणजे सगळीकडून अडचण. तरी ४ डिसेंबरला तिथून उडून सी हॉकनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. पायलटांचे फोटो सगळे लावतात. मी मात्र त्या बॉयलरवाल्यांचाच विचार करत बसलो.

पोरगा हुशार आहे, विचारेल की शेजारच्या सी हॅरियरला हूक का नाही. तर त्याला तारेची गरज नाही, ते उभं खाली उतरतं. इंजिन एकच, पण वारा सोडायला चार तोंडं आहेत, आणि पायलट एका दांड्याने ती मागून खाली वळवतो. पुढच्या दोन तोंडांतून त्या मानाने थंड हवा, मागच्या दोनांतून गरम झोत. तू त्या दिवशी कानात बोटं घालून ‘बाबा, चला’ म्हणत होतीस ना, ते हेच, तेव्हा दाबोळी विमानतळावरून उडायचं. १९८३ च्या डिसेंबरात आलं, २०१६ च्या मे महिन्यात निवृत्त झालं. आता चिमण्या बसतात त्याच्यावर.

एसटी पार्सलने आमसुलं आणि दोन बाटल्या आगळ पाठवतोय, डेपोतून घेऊन ये.

अजून एक. तिथल्या त्या मोठ्या सुपर कॉन्स्टेलेशन विमानाच्या तीन शेपट्यांबद्दल मी तुला ‘दोन स्पेअर’ असं सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर तेही खोटं. एकच शेपटी ठेवली असती तर ती इतकी उंच झाली असती की विमान हँगरच्या दारातून आत गेलं नसतं.

तुझे बाबा