क्रीडामंत्री महोदय, शाळेचे सामने आमच्या मुलींना चालवू द्या

माननीय क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सादर नमस्कार.

मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत खेळ शिकवते. १५ सप्टेंबर २०१७ ला राज्यभर ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ झालं, म्हणजे एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा उपक्रम, त्या निमित्ताने आमच्या शाळेतही फुटबॉल आले. तोवर आमच्या पोरांना कबड्डी आणि खो-खो ठाऊक, क्रिकेट तर अंगातच. त्या दिवशी मुलगे खेळले, मुलीही खेळल्या. पंच व्हायला मात्र कुणी तयार होईना, म्हणून शिटी मी घेतली. पुढे रीतसर परीक्षा दिली. त्यासाठी कुडाळहून रात्रीची कोकणकन्या धरून मुंबई गाठली, सकाळी तोंडावर पाणी मारून थेट मैदानात धावले आणि पास झाले. तेव्हापासून जिल्ह्यात जमतील तेवढे सामने चालवते.

आपल्याला हे पत्र लिहितेय ते माझ्या एका विद्यार्थिनीसाठी. ती १९ वर्षांची आहे. वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीला, जातात, आई काजूच्या कारखान्यात. शाळेत असताना ती बरी खेळायची, पण तिची नजर खेळण्यापेक्षा खेळ ओळखण्यात जास्त होती. चेंडू कुठे आहे यापेक्षा तो कुठे जाणार आहे, हे तिला आधी कळायचं. ते शिकवून येत नाही. मी तिला लाइनवर उभं केलं, हातात झेंडा दिला.

गेल्या मोसमात एका गावच्या पुरुषांच्या स्पर्धेत आम्ही दोघी होतो. मी मध्ये, ती लाइनवर. सड्यावरचं मैदान, जांभ्याची लाल माती, चुन्याच्या फक्कीने मारलेल्या रेषा. शेवटची काही मिनिटं उरलेली, आणि यजमान संघाने गोल केला. बघतेय तर तिचा झेंडा वर. ऑफसाइड, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या पुढे जाऊन उभं राहणं, ठरतो तो चेंडू पायात येताना नव्हे, सहकाऱ्याने चेंडू मारला त्या क्षणी. म्हणजे तीस-चाळीस पावलांवर कुणाचा तरी पाय चेंडूला लागतोय, ते एका डोळ्याने बघायचं आणि त्याच क्षणी आपल्या रेषेत कोण पुढे आहे, ते दुसऱ्या डोळ्याने. पोरगा अर्धं पाऊल पुढे होता. गोल गेला. लोक आत धावले. ‘चेडवाच्या हातात बावटो कोणी दिल्यान?’ (मुलीच्या हातात झेंडा कोणी दिला?) असं कुणीतरी ओरडलं, ते मला मधोमध उभं राहून ऐकू आलं. माणसं तिच्या अंगावर जवळजवळ आली होती. मी शिटी मारून जागा दाखवेपर्यंत तिने झेंडा खाली घेतला नाही. हात थरथरत होता, झेंडा सरळ होता.

सामना संपल्यावर देवळाच्या मागच्या पडवीत एकमेकींपुढे चादर धरून आम्ही कपडे बदलले. यंदा त्या स्पर्धेतून आम्हाला बोलावणं आलं नाही. ‘बाप्ये पंच मिळाले,’ एवढाच निरोप.

ती सराव कुठे करते, तेही सांगते. ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर. आंतरराष्ट्रीय पंचांची परीक्षा काय असते, ते मी तिला समजावलंय. ७५ मीटर धावायचं, २५ मीटर चालायचं, असं ४० वेळा, म्हणजे ४ किलोमीटर, तेही ठरलेल्या सेकंदांत. त्यासाठी तिने जाळ्याची जुनी दोरी मोजून घेतली आणि दोन्ही टोकांना माडाच्या झावळ्या रोवल्या. सहायक पंचाला आणखी एक परीक्षा असते: १० मीटर समोर, ८ मीटर आडवं, ८ मीटर उलट आडवं, पुन्हा १० मीटर समोर. लाइनवरच्या पंचाने मैदानाकडे पाठ करायची नसते, म्हणून आडवं धावणं आलंच पाहिजे. ती हसून म्हणाली, ‘बाई, ही तर कुर्लीची चाल.’ कुर्ली म्हणजे खेकडा. आणि पहिल्याच दिवशी तिला ती जमली.

महोदय, १३ जानेवारी २०२४ ला कतारमध्ये पुरुषांच्या आशियाई चषकात भारत आणि ऑस्ट्रेलियाचा सामना झाला. आपण २-० ने हरलो. आम्ही तो माझ्या मोबाइलवर बघितला आणि या मुलीने पूर्ण वेळ चेंडूकडे बघितलंच नाही. ती पंचाकडे बघत होती. जपानच्या योशिमी यामाशिता. पुरुषांच्या आशियाई चषकात सामना चालवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांना पंचगिरीकडे ओढून नेलं ते विद्यापीठातल्या मैत्रिणीने, माकोतो बोझोनो यांनी, आणि त्या दिवशी त्या मैत्रीणबाईही लाइनवर होत्या. यामाशिता पूर्वी दुसरं काम सांभाळून शिटी वाजवायच्या. २०२२ मध्ये जपानच्या फुटबॉल संघटनेने त्यांना व्यावसायिक पंच म्हणून करार दिला. त्याच वर्षी त्या विश्वचषकाच्या पंचांच्या यादीत होत्या. रवांडाच्या सलिमा मुकानसांगा आणि फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार्तही होत्या. १ डिसेंबर २०२२ ला फ्रापार्त यांनी कोस्टा रिका–जर्मनी सामना चालवला, सहायक ब्राझीलच्या न्यूझा बाक आणि मेक्सिकोच्या कारेन दियास. १९३० पासून चाललेल्या पुरुषांच्या विश्वचषकात बाईने सामना चालवायला ९२ वर्षं लागली.

हे सगळं लांबचं वाटतं. पण आमच्या गावाहून तेरेखोलची खाडी लांब नाही. खाडीपलीकडे गोवा. तीच लाल माती, तेच माड, तोच पाऊस. तिथल्या मारिया रिबेलो देशासाठी खेळल्या आणि पुढे फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, पंच झाल्या. तिथल्याच युवेना फर्नांडिस २०१६ मध्ये जॉर्डनला १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच होत्या. तमिळनाडूच्या दिंडिगलमधून रूपा देवी पुढे आल्या, मणिपूरमधून रंजिता देवी. कोकणच्या खाडीअलीकडच्या बाजूला तसं एकही नाव माझ्या ऐकिवात नाही, आणि याचं मला वाईट वाटतं, कारण मुलगी माझ्यासमोर धावतेय.

आता हिशोब बघा. फिफाच्या यादीत येण्यासाठी मुख्य पंचाचं वय किमान २५ आणि सहायकाचं २३ लागतं, आणि त्याआधी देशातल्या वरच्या पातळीवर किमान २ वर्षं नियमित सामने केलेले हवेत. त्या पातळीवर जायच्या आधी जिल्हा, मग राज्य. म्हणजे १९ व्या वर्षी तिच्याकडे वेळ आहे, पण फुकट घालवायला एकही मोसम नाही. आणि पंच वर्गात बसून घडत नाही, सामन्यात घडतो. नियम १७ आहेत, ते महिनाभरात पाठ होतात. रागावलेला कर्णधार अंगावर आला की किती पावलं मागे सरायचं आणि कधी अजिबात सरायचं नाही, हे पन्नासाव्या सामन्यात कळतं. आमच्याकडे मोसमात पन्नास सामने मिळतच नाहीत. जे होतात तिथे मुलींना बोलावत नाहीत, आणि अभ्यासक्रम, परीक्षा, बढतीचे सामने मुंबई-पुण्याला. एका परीक्षेला आईची चार दिवसांची मजुरी जाते.

पंचांचा परवाना आपलं खातं देत नाही, तो फुटबॉल संघटनेचा विषय आहे, हे मला माहीत आहे. पण शालेय सामने आपले आहेत. सुब्रतो चषक या शाळांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचे तालुका आणि जिल्हा सामने आपलं संचालनालय घेतं. तिथे शिटी सहसा कोण वाजवतं? माझ्यासारखा एखादा क्रीडाशिक्षक, ज्याचा स्वतःचा संघही त्याच स्पर्धेत उतरलेला असतो. त्यापेक्षा हे सामने, निदान मुलींचे तरी, सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि रायगडात पंच होऊ पाहणाऱ्या मुलींना द्या. खात्याचं नेमणूकपत्र द्या, एसटीचं भाडं आणि मानधन त्याच दिवशी हातात पडू द्या, आणि मैदानावर कपडे बदलायला चार भिंतींची खोली. सामना क्रमांक, तारीख, मैदान लिहिलेली खात्याच्या शिक्क्याची वही तिच्याकडे असली, तर संघटनेच्या दारात ती रिकाम्या हाताने उभी राहणार नाही.

दुसरं, वर्षातून एकदा पंचांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा कोकणात व्हावी, यासाठी आपण राज्य संघटनेशी बोलावं. एक परीक्षक इकडे आला तर वीस मुलींचे वीस प्रवास वाचतात. खेळाडूंना शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, ते योग्यच आहे. पण राष्ट्रीय पातळीवर सामने चालवणारी मुलगीही त्याच मैदानावर तितकीच धावते. तिचं काम तिथे धरलं जावं, ही विनंती आजच्या आज पूर्ण होईल अशी माझी अपेक्षा नाही, पण विषय निघायला हवा. शालेय सामन्यांचं मात्र एका परिपत्रकावर होऊ शकतं.

सुब्रतोचे आमच्याकडचे सामने ऐन पावसात येतात. मण्याची शिटी भिजली की घुसमटते, म्हणून माझ्या विद्यार्थिनीने पहिल्या मानधनातून बिनमण्याची शिटी घेतली. ती तिच्या गळ्यातच असते. कुडाळपासून ती तासाभराच्या एसटीवर राहते, आणि शनिवार-रविवार मोकळी आहे.

आपली विश्वासू,
एक क्रीडाशिक्षिका आणि फुटबॉल पंच
तालुका वेंगुर्ले, जिल्हा सिंधुदुर्ग